एक प्रिंटर, चार टेबलं

तुम्ही आयटीत नोकरीला आहात एवढं नात्यात एकदा पसरलं, की सुटका नाही. कुणाचा मोबाइल हँग झाला, फोन तुम्हाला. कुणाच्या टीव्हीत वायफाय दिसेना, फोन तुम्हाला. आपण आयुष्यभर पेरोलचं सॉफ्टवेअर टेस्ट करत बसलोय, हे सांगून काही उपयोग नसतो. ‘काँप्युटरचंच ना ते?’ विषय संपला.

मलाही असाच फोन आला. मोडनिंबहून, मावसभावाचा. ‘दादा, ऑफिसला कलर प्रिंटर घ्यायचाय. सगळ्यांच्या मशीनवरनं चालला पाहिजे. कुठला घेऊ?’ मी मीटिंगमध्ये होतो. जेवणाच्या सुट्टीत दोन मॉडेलांच्या लिंका पाठवल्या आणि विसरलो. रात्री त्याचा पुन्हा फोन. आवाज उतरलेला. ‘दादा, तू एकदा येऊनच जा. प्रिंटरचं राहिलं नाय आता. ऑफिस मोडायची वेळ आलीय.’

प्रिंटरवरून ऑफिस मोडतं? हसू नका. तुमच्या ऑफिसातला प्रिंटर आठवा. त्याच्या शेजारी चिकटवलेला तो कागद आठवा, ‘कृपया वैयक्तिक कलर प्रिंट काढू नयेत’. तो कागद कुणी लावला आणि कुणामुळे लावला, हे सगळ्या फ्लोअरला माहीत असतं.

शनिवारी सकाळी निघालो. पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णी मागे पडली की मोडनिंब. तालुका माढा. कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाणारी रेल्वेही याच गावातून जाते. आजूबाजूला डाळिंब, द्राक्षं, बोरं, ऊस. हायवेलगत एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर एक हॉल आणि हॉलमध्ये चार टेबलं. पुण्यात याला को-वर्किंग स्पेस म्हणतात आणि कॉफीचे वेगळे पैसे घेतात. इथे चहा खालच्या टपरीवरून येतो, आणि तो कुणी सांगायचा यावरून कधी भांडण होत नाही.

चौघांची चार कामं

२०२० च्या लॉकडाउनमध्ये माझा हा भाऊ आणि त्याचे दोन वर्गमित्र पुण्यातल्या नोकऱ्या सोडून गावी परतले. भाऊ शेतकऱ्यांच्या डाळिंबांचं पॅकिंग आणि पुढची कागदपत्रं बघतो. दुसरा मित्र सिव्हिलचा, घरांचे नकाशे आणि बँकेच्या कर्जासाठी एस्टिमेट करून देतो. तिसरी मैत्रीण जीएसटी आणि आयकराचं काम करते. चौथ्या टेबलावर अण्णा. वय साठीच्या पुढे, करारनामे आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करण्यात हयात गेलेली. भाडं, वीज, इंटरनेट चौघांत सारखं. प्रिंटरही तसाच, चौघांत सारखा.

आणि इथेच सगळं अडलं होतं.

पहिला प्रिंटर त्यांनी घाईत घेतला होता. दुकानातला सगळ्यात स्वस्त कलर इंकजेट, दोन कार्ट्रिजचा: एक काळी आणि एक तीन रंगांची. तो यूएसबी केबलनं त्या मैत्रिणीच्या काँप्युटरला जोडला आणि तिथून ‘शेअर’ केला. म्हणजे तिचा काँप्युटर चालू, तरच सगळ्यांचा प्रिंटर चालू. ती सहाला घरी जाणार. डाळिंबाचं पॅकिंग मात्र रात्रीच चालतं. मग रात्री अकराला तिला फोन, ‘ताई, पासवर्ड काय गं?’ एकदा फोन, दोनदा फोन. तिसऱ्यांदा तिच्या सासूबाईंनीच उचलला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण एका रात्री भावाची पेट्यांची गाडी भरून तयार होती, लेबलं लावून झाली होती. कोल्ड स्टोरेजमधून पेट्या बाहेर आल्या. आत पाच-सात डिग्री आणि बाहेर सोलापूरचा उन्हाळा. फ्रिजमधली बाटली बाहेर काढल्यावर जसा घाम फुटतो तसा पेट्यांना फुटला आणि लेबलांवरची शाई ओघळली. डाळिंबाचा लाल रंग खाली बारकोडवर उतरला. बारकोड वाचला जाईना, गाडी सहा तास उभी. नवी लेबलं काढायला गेला, तर कलर कार्ट्रिज संपलेली. दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसल्यावर मैत्रीण म्हणाली, ‘तुझ्या लेबलांपायी महिन्यात तीन कार्ट्रिज. मी काळ्या रंगाशिवाय काही काढत नाही. मी चौथा हिस्सा का भरू?’ भाऊही तापलेला. नको ते बोलून गेला. तेव्हापासून ती घरूनच काम करत होती. तिचा हिस्सा गेला तर भाडं तिघांना झेपणार नव्हतं.

निर्यातीच्या फळात लेबल ही शोभेची वस्तू नसते. अपेडाच्या ग्रेपनेट, अनारनेटसारख्या व्यवस्थांमुळे पेटीचा माग थेट बागेपर्यंत काढता येतो, आणि तो माग त्या चिकटवलेल्या कागदावरूनच सुरू होतो. शिवाय सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. पेटीवरचं चित्र ओघळलेलं असेल तर ते मानांकन कुणाला दाखवणार?

आधी मोजा, मग बोला

मी तिथे पोचून पहिलं काम काय केलं? कुठलंही मॉडेल सुचवलं नाही. एक वही मागितली. गेल्या महिन्यात कुणी किती पानं काढली आणि त्यातली रंगीत किती, हे चौघांनी आठवून आठवून लिहायचं. मैत्रिणीला फोन लावून स्पीकरवर घेतलं. ‘मी फक्त आकडे सांगीन,’ ती म्हणाली. चालेल की!

आकडे आले आणि सगळेच जरा गप्प झाले. सगळ्यात जास्त पानं अण्णांची, सगळी काळी. त्यांच्या खालोखाल मैत्रिणीची, तीही काळी. सिव्हिलवाल्याची पानं थोडी, पण रंग हवाच, कारण नकाशात प्रस्तावित बांधकाम लाल आणि पाडायचा भाग पिवळ्या रेघांनी दाखवायचा असतो. भावाची पानं अण्णांच्या निम्मी, पण प्रत्येक पान कडेपासून कडेपर्यंत रंगानं भरलेलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानदार ती सांगत नाही. खोक्यावर ‘अमुक इतकी पानं’ असं छापलेलं असतं ते खोटं नसतं, त्यासाठी आयएसओची ठरलेली नमुना-पानं असतात. पण त्या नमुन्यांत एकेका रंगाची शाई पानाच्या साधारण पाच टक्के भागावरच पडते, असं ढोबळ धरलं जातं. म्हणजे चार ओळींचं पत्र आणि कोपऱ्यात छोटा लोगो. तुमचं पान साठ टक्के लाल असेल, तर त्या लाल रंगाला लागणारी शाई बारा पट. हजार पानांची कार्ट्रिज ऐंशी-पंच्याऐंशी पानांत गार! ‘कंपनीनं फसवलं’ म्हणून आपण ओरडतो. खरं तर आपण आपलं पान बघितलेलं नसतं.

तीन रंगांच्या एकत्र कार्ट्रिजमध्ये आणखी एक गंमत. डाळिंबाला लागतो किरमिजी आणि पिवळा. ते दोन संपले की निळा काठोकाठ भरलेला असूनही कार्ट्रिज कचऱ्यात. म्हणून कुठलंही मशीन घ्या, शाई रंगागणिक वेगळी भरता येते का, हे आधी विचारा.

छपाईत रंग वेगळे धरायची रीत तशी जुनी. राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथे एकेका रंगाला वेगळा दगड असायचा, आणि एकच कागद पुन:पुन्हा दाबला की लक्ष्मी-सरस्वती उमटायच्या. आपल्या टेबलावरचं मशीन चार रंगांत तेच करतं: निळा, किरमिजी, पिवळा, काळा. फक्त दगड उचलावे लागत नाहीत.

लेझर की टँक?

भावाच्या डोक्यात एकच होतं, कलर लेझर. मुद्दा चुकीचा नव्हता. लेझरमध्ये शाई नसते, टोनरची पूड असते. ती जवळजवळ दोनशे डिग्रीच्या रोलरखाली वितळून कागदाला चिकटते. पाणी पडलं तरी ओघळत नाही. पंधरा दिवस मशीन बंद राहिलं तरी काही वाळत नाही, आणि आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात हा फायदा फार मोठा. इंकजेट आठवडाभर न वापरता ठेवा, बारीक छिद्रांत शाई सुकलीच म्हणून समजा. मग ‘हेड क्लीनिंग’, आणि त्यात पुन्हा शाईच वाया.

पण तो दोनशे डिग्रीचा रोलर तापवायला वीज लागते. छापायला सुरुवात करताना लेझर क्षणभर हजार वॅटच्या घरात ओढ घेतो. यूपीएसला लेझर लावू नका, असं बहुतेक कंपन्या स्वत:च लिहितात. मी विचारलं, ‘लाइट जाते का रे?’ तिघंही एकदम हसले. हॉलला इन्व्हर्टर आहे, पंखे, राउटर आणि लॅपटॉपपुरता. त्यावर लेझर म्हणजे रात्री अकराला गाडी उभी आणि इन्व्हर्टरची शिट्टी.

इंकटँक मशीनची गोष्ट वेगळी. याचं तंत्र इंकजेटचंच, फक्त कार्ट्रिजच्या जागी बाटलीनं भरायच्या टाक्या. एप्सननं २०१० मध्ये अशी मशीनं आधी इंडोनेशियात आणली, कारण तिथले लोक बाहेरून नळ्या जोडून हा जुगाड स्वत:च करत होते. (जुगाड आपल्याकडेही होताच. कुठल्याही कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याला विचारा!) पुढे कॅनन आणि एचपीही त्याच वाटेनं आले. मशीन महाग, शाई स्वस्त. काळ्या शाईची एक बाटली चार-साडेचार हजार पानं देते, अर्थात तीच पाच टक्क्यांची पानं. आणि वीज? छापताना दहा-वीस वॅट. इन्व्हर्टरला कळतसुद्धा नाही.

मग ओघळण्याचं काय? शाई दोन जातीची असते. डाय म्हणजे पाण्यात विरघळणारा रंग. तो चकचकीत दिसतो आणि पाण्यानं पसरतो. पिगमेंट म्हणजे बारीक कण, ते कागदावर बसले की पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाहीत. पुष्कळ टँक मशीनांत काळी शाई पिगमेंट आणि बाकीचे रंग डाय अशी वाटणी असते. चारही रंग पिगमेंटचे असलेली मशीनंही मिळतात, किंमत चढी. खोक्यावर हे ठळक लिहिलेलं नसतं, म्हणून बारीक अक्षरं वाचा.

आता तुम्ही म्हणाल, आमचं ऑफिस बाणेरला, लाइट जात नाही, माणसं वीस. मग तुमचं गणित निराळं. तिथे कलर लेझर चांगला, आणि त्याहून चांगलं म्हणजे मोठं मशीन भाड्यानं घेणं. मशीन त्यांचं, टोनर आणि दुरुस्ती त्यांची, तुम्ही पानामागे पैसे द्यायचे. करारावर सही करण्याआधी महिन्याची किमान पानं किती धरली आहेत तेवढं बघा. न काढलेल्या पानांचे पैसे भरणारी कितीतरी ऑफिसं मी पाहिली आहेत. मोडनिंबला असा करार करायचा तर इंजिनीअर येणार सोलापूरहून. तो कधी येणार, हे पंढरीच्या विठोबाला ठाऊक.

तार टाका, भांडण टाळा

नेटवर्कवर एक प्रिंटर वाटून घेण्याची कल्पना आली कुठून? महागाईतून! १९८५ मध्ये ॲपलनं लेझररायटर आणला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत होती ६,९९५ डॉलर. एका माणसाच्या टेबलावर तो ठेवणं परवडणारच नव्हतं, म्हणून अनेक मशीनांनी मिळून वापरायची सोय त्यातच दिलेली होती. वाटून घ्यायची गरज तेव्हाही पैशांचीच होती.

तर पहिला नियम, प्रिंटर कुणाच्याही काँप्युटरला जोडायचा नाही. ज्याचं स्वत:चं नेटवर्क आहे असाच घ्यायचा. एकाच्या मशीनमधून शेअर करणं हे फुकटचं दुखणं आहे. २०२१ मध्ये विंडोजच्या छपाईच्या व्यवस्थेत ‘प्रिंटनाइटमेअर’ नावाची मोठी त्रुटी उघड झाली. ती बुजवण्यासाठी आलेल्या अपडेटांनी जगभरच्या ऑफिसांतले असे शेअर केलेले प्रिंटर अडवून ठेवले होते.

दुसरं, वायफाय असलं तरी मागे नेटवर्कच्या केबलचं पोर्ट आहे का बघा. हजार-दोन हजार रुपये वाचवायला लोक ते सोडतात आणि मग वर्षभर ‘प्रिंटर ऑफलाइन’ वाचत बसतात.

हा ‘ऑफलाइन’चा प्रकार खेड्यात जास्त का होतो, ते सांगतो. लाइट गेली, राउटर बंद पडला. लाइट आली, राउटर उठला आणि त्यानं सगळ्यांना नव्यानं पत्ते वाटले. काल प्रिंटरला सात नंबर होता, आज बारा. चारही काँप्युटर सात नंबरच्या दारावर टकटक करत बसतात. दाराआड कुणीच नाही! राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रिंटरचा पत्ता एकदा कायमचा राखून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम. हे न केल्यामुळे दुरुस्तीवाल्याला किती ऑफिसांनी पैसे दिले असतील, कोण जाणे.

मोबाइलवरून प्रिंट निघते का, तेही दुकानातच तपासा. आता निम्मे कागद व्हॉट्सॲपवर येतात. गूगलचं क्लाउड प्रिंट २०२० अखेर बंद झालं, त्यामुळे जुन्या मशीनवर त्याचं नाव दिसलं तर हुरळू नका.

अण्णांची अट एकच होती. ‘स्टॅम्पपेपर मुडपला नाय पाहिजे. पैशाचा कागद हाय तो.’ इतक्या चर्चेत ही सगळ्यात शहाणी अट. जाड कागद आतल्या आत गोल फिरवणारं मशीन नको, मागून घालून सरळ पुढे येणारं हवं. दुकानात आपला कागद घेऊन जा आणि समोर काढायला लावा. दुकानदार कुरकुर करतो. करू द्या.

मग घेतलं काय?

लेबलांचा प्रश्न सुटला तेव्हा बाकीचं आपोआप सुटलं. मला ते सुचलं नव्हतं. सुचलं त्या मैत्रिणीला, तेही फोनवर. ‘लेबलात दर वेळी बदलतं काय?’ तिनं विचारलं. बागेचा कोड, लॉट, तारीख, वजन. चित्र, नाव, मानांकन तेच. ‘मग रंगीत भाग ऑफसेटवर एकदम पाच-दहा हजार छापून आण ना. खाली कोरी जागा सोड. तिथे काळ्यात छाप.’

भाऊ तिच्या फोनकडे बघत राहिला. त्याला लागत होती रोज बदलणारी काळी अक्षरं आणि न पुसला जाणारा बारकोड. कलर प्रिंटर त्याला नकोच होता! तिघा मित्रांत सगळ्यात मोठ्यानं कलर मागणारा तोच.

तेव्हा घेतली दोन मशीनं, दोन्ही केबलनं राउटरला. एक साधा ब्लॅक-अँड-व्हाइट लेझर अण्णा, मैत्रीण आणि लेबलांसाठी. लेबलाचे कागदही लेझरला चालणारेच घ्यायचे, नाहीतर उष्णतेनं गोंद सुटून आत चिकटतो. दुसरं चार टाक्यांचं, काळी शाई पिगमेंटची असलेलं कलर मशीन, मुख्यत: सिव्हिलवाल्यासाठी. ते इन्व्हर्टरवर चालतं, म्हणून रात्री लाइट गेलीच तर काळी लेबलं त्याच्यावरही निघतात. सिव्हिलवाल्याला ए३ हवा होता, पण महिन्याला जेमतेम दहा नकाशे. ते पंढरपूरला पाठवून काढणं स्वस्त पडतं. थोडं तोंड वाकडं केलं त्यानं. दोन्ही मिळून पैसे बऱ्या कलर लेझरएवढेच गेले.

वॉरंटीचा कागद मी मुद्दाम मोठ्यानं वाचायला लावला. ‘एक वर्ष किंवा अमुक हजार पानं, यातलं जे आधी होईल ते.’ आणि दुरुस्तीला माणूस येणार की मशीन उचलून आपण न्यायचं, तेही. जिथे सर्व्हिस सेंटर साठ-सत्तर किलोमीटरवर, तिथे ही ओळ किमतीपेक्षा महत्त्वाची.

राहिला हिशेब. मोठ्या मशीनांत प्रत्येकाला पिन देता येतो, कुणी किती काढलं त्याची नोंद आपोआप होते. यांच्या मशीनांत तसं काही नाही. मैत्रिणीनं सांगितलं, वही ठेवा. मशीनं चौघांत सारखी. काळं पान ज्याचं त्याच्या नावावर, महिनाअखेरीस बेरीज. कलर पान चौपट धरायचं. मी म्हटलं, चौपट कशावरून? ‘पहिले तीन महिने चौपट. मग बाटल्या किती गेल्या ते बघू आणि बदलू.’ सीएच्या परीक्षेत अशी माणसं नापास का होतात, मला कळत नाही.

सोमवारी ती ऑफिसला आली. भावानं आदल्या दिवशीच तिच्या घरी जाऊन माफी मागितली होती म्हणे. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

निघण्याआधी मी मेन स्विच खाली ओढला. राउटरला तेवढ्यापुरतं इन्व्हर्टरवरून काढलं होतं. दोन मिनिटं सगळं बंद ठेवून पुन्हा चालू केलं. राउटरचे दिवे लुकलुकले. चौघांनी चार टेबलांवरून एकेक पान सोडलं. तीन आली. चौथं अण्णांचं. ते येईना, कारण अण्णांनी बटण दाबलंच नव्हतं. त्यांना कलरवर काढायचं होतं आणि कलर कुठला ते सापडत नव्हतं. मैत्रिणीनं जाऊन दाखवलं. नातीच्या शाळेचा प्रकल्प होता, दोन पानं, मोर आणि कमळ.

मी पायऱ्या उतरत होतो तेव्हा अण्णा दोरीला बांधलेली वही पुढे ओढून चष्मा वर करत लिहीत होते, ‘खासगी, कलर, पानं २.’